गिनी पिग अचानक आजारी पडला तर: पहिल्या तासापासून जखम भरेपर्यंत

आमचा भुऱ्या चार वर्षांचा असताना एका रविवारी सकाळी फ्रीजचे दार उघडल्याचा आवाज आला, तरी तो ओरडला नाही. त्याचा जोडीदार काळू नेहमीप्रमाणे पिंजऱ्याच्या कडेला पुढचे पाय टेकवून शिट्ट्या मारत होता, आणि भुऱ्या मात्र कोपऱ्यात केस पिंजारून, पाठीला बाक काढून बसला होता. कोथिंबिरीची काडी तोंडाजवळ नेल्यावर त्याने वास घेतला आणि तोंड फिरवले. उन्हाळ्याचे दिवस होते, म्हणून गरमीने मलूल झाला असेल असे समजून आम्ही संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. ती चूक होती. त्याच्या मूत्राशयात हरभऱ्याएवढा खडा होता, आणि मंगळवारी त्याची शस्त्रक्रिया करावी लागली. त्या आठवड्यात आणि त्यानंतर जे शिकायला मिळाले ते गिनी पिग पाळणाऱ्या इतरांना वेळेवर कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावरच अवलंबून आहे. गिनी पिगचे आतडे सतत आत येणाऱ्या गवतामुळे पुढे सरकत राहते. हा प्राणी दिवसरात्र थोडे थोडे चरतो आणि त्याच्या मोठ्या अंधनालात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, असंख्य जिवाणू गवताचा चोथा आंबवत असतात. कोणत्याही कारणाने, म्हणजे दाढ दुखली, खडा टोचला, ताप आला किंवा नुसती भीती वाटली तरी, तो खायचा थांबला की आतड्याची हालचाल मंदावते, आत वायू साठतो, पोट दुखू लागते आणि दुखते म्हणून तो आणखी खात नाही. त्यातच उपाशी शरीर साठवलेली चरबी वापरायला काढते आणि ती यकृतात साचते. लठ्ठ प्राण्यात तर हे फार लवकर घडते. म्हणून मूळ आजार कोणताही असो, पोट थांबू न देणे हे पाळणाऱ्याचे काम आहे. पूर्ण वाढ झालेल्या गिनी पिगने १२ तास काहीही खाल्ले नसेल, तर ती तातडीची वेळ समजावी आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

आजार लपवणारा प्राणी आणि वजनाची वही

गिनी पिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला, शिकार होणारा प्राणी आहे. कळपात जो दुबळा दिसेल त्याच्यावर आधी झडप पडणार, हे त्याच्या अंगात इतके मुरलेले आहे की घरातल्या पिंजऱ्यातही तो दुखणे दाखवत नाही. त्यामुळे डोळ्यांवर विसंबून चालत नाही. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल वजनकाटा हेच आपले सर्वांत भरवशाचे साधन आहे. एक डबा किंवा टोपली काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, त्यात गिनी पिगला बसवावे, पुढ्यात काकडीची चकती ठेवावी आणि आकडा स्थिरावला की वहीत लिहून ठेवावा. निरोगी असताना आठवड्यातून एकदा आणि आजारात रोज एकाच वेळी वजन करावे. पूर्ण वाढ झालेल्या गिनी पिगचे वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असते. त्यात ५० ग्रॅमची घट दिसली तर लक्ष ठेवावे, आणि १०० ग्रॅमच्या आसपास घट झाली तर तो वरवर कितीही टवटवीत दिसला तरी डॉक्टरांकडे जावे. आम्ही त्याआधीचे दोन आठवडे वजन केलेच नव्हते. त्या रविवारी काट्यावर १०८० च्या जागी १००५ ग्रॅम आले, तेव्हा हे दुखणे त्या दिवसाचे नाही हे उमगले.

वजनाइतकेच लेंड्यांकडे लक्ष द्यावे. निरोगी गिनी पिग दिवसाला शंभरावर लेंड्या टाकतो. त्या लांबट, सारख्या आकाराच्या आणि गुळगुळीत असतात. त्या लहान, कोरड्या, थेंबासारख्या टोकदार किंवा एकमेकींना चिकटलेल्या दिसू लागल्या तर पोट मंदावले आहे. लघवी थोडी गढूळ असणे आणि वाळल्यावर पांढरट भुकटी उरणे हे नेहमीचे आहे, कारण या प्राण्याच्या शरीरातले जास्तीचे कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडते. मात्र ती भुकटी बोटाला वाळूसारखी खरखरीत लागली, लघवीत रक्त दिसले किंवा लघवी करताना तो पाठ वाकवून चिरक्या आवाजात ओरडला, तर खड्याची शंका घ्यावी. हनुवटी सतत ओली असेल किंवा खाण्याकडे धावत जाऊनही घास तोंडातून पडत असेल, तर दाढा वाढल्या असण्याचा संभव असतो. या प्राण्याचे दात जन्मभर वाढतात आणि खालच्या दाढा वाढल्या तर जिभेवर कमानीसारख्या येऊन ती अडकवून टाकतात. नाकातून स्राव, श्वासाबरोबर कटकट आवाज किंवा बरगड्या जोराने हलणे ही फुप्फुसांच्या संसर्गाची लक्षणे आहेत, आणि त्यात एक तासही दवडू नये. चालायला नको म्हणणारा, सांधे सुजलेला, कुठेही हात लावला तरी कळवळणारा गिनी पिग बहुधा क जीवनसत्त्वाच्या कमतरतेने आजारलेला असतो. माणसाप्रमाणेच त्याचेही शरीर हे जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही.

पोट ढोलासारखे ताणलेले असेल, लघवीला बसूनही थेंब येत नसेल, कान थंडगार लागत असतील किंवा तो एका कुशीवर पडून राहिला असेल, तर हा लेख वाचणे थांबवून आधी रिक्षा बोलवावी.

डॉक्टर शोधण्याचे काम निरोगी दिवसांतच करावे

आपल्याकडे कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली मिळतात, पण गिनी पिगवर नियमित उपचार करणारे थोडे आहेत. ससे, पक्षी, कासवे पाहणाऱ्या डॉक्टरांना शहरांत ‘एक्झॉटिक’ प्राण्यांचे डॉक्टर म्हणतात. आपल्या भागात असे कोण आहेत, रविवारी आणि रात्री कोण दार उघडते, हे प्राणी घरी आणतानाच विचारून ठेवावे. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळला आणि विदर्भात नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जवळ खासगी तज्ज्ञ नसेल तर अशा महाविद्यालयाच्या दवाखान्यात फोन करून चौकशी करणे उपयोगी पडते.

फोनवर दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला, ‘शस्त्रक्रियेआधी याला रात्रभर उपाशी ठेवायचे का?’ कुत्र्या-मांजरांना भूल देण्याआधी उपाशी ठेवतात, कारण त्यांना उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते. गिनी पिगला उलटी होतच नाही आणि उपास मात्र त्याला मारक ठरतो. जाणकार डॉक्टर निघेपर्यंत गवत पुढे ठेवायला सांगतात. फार तर भुलेच्या तासभर आधी खाणे बाजूला करतात, तेही तोंडातला चोथा घशात जाऊ नये म्हणून, आणि तोंड पुसून घेतात. दुसरा प्रश्न, ‘कोणते प्रतिजैविक देणार?’ हा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण तो विचारलाच पाहिजे. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन आणि पेनिसिलिन गटातली इतर औषधे, तसेच क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही गिनी पिगच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मारतात. मग क्लॉस्ट्रिडियमसारखे घातक जिवाणू माजतात, त्यांचे विष रक्तात भिनते आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. त्याऐवजी एन्रोफ्लोक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा ही औषधे सहसा वापरली जातात.

आम्ही त्या रविवारी घराजवळच्या ज्या दवाखान्यात प्रथम गेलो, तिथे चिठ्ठीवर अमॉक्सिसिलिनचे सिरप लिहून मिळाले. औषधाच्या दुकानात उभी असताना माझ्या मुलीने बाटलीवरचे नाव वाचले आणि ती थबकली. तिने वर्षभरापूर्वी पिंजऱ्यावर चिकटवलेल्या कागदावर हेच नाव लाल शाईत लिहिलेले होते. आम्ही ते सिरप घेतले नाही आणि दुसरे डॉक्टर गाठले. त्या पहिल्या डॉक्टरांचा हेतू चांगला होता, त्यांच्याकडे असे प्राणी येत नव्हते इतकेच. पण म्हणूनच तो कागद प्रत्येक घरात पिंजऱ्यावर असावा असे माझे ठाम मत आहे.

दवाखान्यात जाईपर्यंत

प्राणी थंड लागत असेल तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्याच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे नकोसे झाले तर त्याला दूर सरकता येते. उलट मे महिन्यातल्या दुपारी तो धापा टाकत असेल, लाळ गाळत असेल, तर त्याला उष्माघात झालेला असू शकतो. साधारण २७-२८ अंशांच्या वर तापमान गेले की या प्राण्याला ते सोसत नाही. अशा वेळी गार जागी नेऊन कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करावेत, पण बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. नेताना लहान, हवेशीर पेटीत टॉवेल अंथरावा, भरपूर सुके गवत टाकावे आणि पाण्याच्या बाटलीऐवजी काकडीचे तुकडे ठेवावेत. जोडीदार शांत असेल तर त्यालाही सोबत न्यावे. ओळखीचा वास आणि आवाज जवळ असला की भेदरलेला प्राणी गवताची काडी तरी तोंडात धरतो. आपल्याबरोबर वजनाची वही आणि एका डबीत त्या दिवसाच्या लेंड्या घ्याव्यात. घरातली माणसांची दुखण्यावरची गोळी कधीही देऊ नये.

शस्त्रक्रिया कधी लागते आणि आधी काय ठरवावे

आमच्या बाबतीत एक्स-रे काढल्याबरोबर उत्तर मिळाले. गिनी पिगचे खडे बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, त्यामुळे ते एक्स-रेमध्ये पांढरेशुभ्र दिसतात. मादीचा मूत्रमार्ग रुंद असल्याने बारीक खडा कधी आपोआप, कधी भूल देऊन चिमट्याने काढता येतो. नराचा मूत्रमार्ग अरुंद आणि लांब असतो. त्यात खडा अडकला तर लघवी तुंबते आणि काही तासांत जिवावर बेतते. माणसांच्या मूतखड्यावर आपण भरपूर पाणी आणि काढे घेऊन वाट पाहतो, तशी वाट इथे पाहता येत नाही, कारण कॅल्शियमचा हा खडा औषधाने विरघळत नाही. मूत्राशय उघडून तो काढावाच लागतो.

मोठ्या वयाच्या माद्यांमध्ये अंडाशयावर गाठी होणे अतिशय सामान्य आहे. दोन्ही कुशींवरचे केस सारखे विरळ होणे ही त्याची खूण असते आणि गर्भाशयासह अंडाशये काढणे हा कायमचा उपाय आहे. मादीला सात महिन्यांच्या वयानंतर पहिल्यांदा गर्भ राहिला तर ओटीपोटाच्या हाडांचा सांधा जुळून आलेला असतो, पिल्लू अडकते आणि सिझेरियन करावे लागते. दुकानातून आणलेली मादी आधीच गाभण असू शकते, हे ध्यानात ठेवावे. मानेखालच्या गळवांतला पू दाट असतो, त्यामुळे नुसती चीर देऊन भागत नाही आणि बहुधा गळू त्याच्या आवरणासकट काढावे लागते.

लघवी वाहती असेल तर शस्त्रक्रिया त्याच क्षणी करण्याची घाई नसते, उलट एक दिवस थांबून प्राण्याला सावरणे हिताचे असते. आमच्या डॉक्टरांनी रविवारी रात्री कातडीखाली सलाइन दिले, वेदनाशामक सुरू केले आणि दोन दिवस हाताने भरवून पोट चालते ठेवायला सांगितले. धोका मात्र स्पष्ट शब्दांत समजून घ्यावा. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भुलेशी संबंधित मृत्यूचे प्रमाण कुत्र्यांमध्ये ०.१७ टक्के आणि मांजरांमध्ये ०.२४ टक्के होते. गिनी पिगमध्ये ते ३.८ टक्के आढळले. म्हणजे शंभरातले शहाण्णव वाचतात, पण धोका कुत्र्याच्या वीसपटींहून अधिक आहे. शरीर लहान असल्याने ते पटकन थंड पडते, श्वासनलिकेत नळी घालणे अवघड असते आणि आजार उशिरा लक्षात आल्याने प्राणी आधीच खंगलेला असतो. म्हणून शस्त्रक्रियेत अंग गरम ठेवण्याची सोय काय आहे, आयसोफ्लुरेन वायूची भूल आहे का, वेदनाशामक आधीच देणार का, आणि टाके कातडीच्या आत घेणार का, हे विचारून घ्यावे. बाहेरचे टाके तो दातांनी तोडतो. मूत्राशयाची स्थिती आत फार वाईट निघाली तर शुद्धीवर न आणता शांतपणे जाऊ द्यायचे का, हाही प्रश्न आधीच घरात बोलून डॉक्टरांना सांगून ठेवावा. आम्ही तो सोमवारी रात्री बोललो, आणि फार जड गेले तरी दुसऱ्या दिवशी फोनच्या शेजारी बसताना मन थोडे स्थिर राहिले.

घरी आणल्यावरची पहिली रात्र

प्राणी पूर्ण शुद्धीवर, अंगाने उबदार आणि हाकेला कान हलवणारा असल्याखेरीज घरी आणू नये. घरी एका शांत खोलीत, पंख्याच्या झोतापासून दूर, लहानसा कप्पा करावा. त्यात लाकडाचा भुसा नको, कारण तो जखमेला चिकटतो. पांढरे किंवा फिक्या रंगाचे सुती टॉवेल घड्या घालून अंथरावेत, म्हणजे रक्ताचा ठिपका आणि लघवीचा रंग लगेच दिसतो. उतरणी, बोगदे आणि उंच कप्पे काढून टाकावेत. पाणी बाटलीत आणि वाटीतही ठेवावे, कारण मान वर करून बाटली चोखणे त्याला जड जाऊ शकते.

आता भरवण्याविषयी सविस्तर सांगायला हवे, कारण शस्त्रक्रिया नीट होऊनही गिनी पिग याच टप्प्यावर गमावले जातात. आजारी शाकाहारी प्राण्यांसाठी ‘क्रिटिकल केअर’ या नावाने गवताची पूड मिळते. ती ऑनलाइन मागवायला दिवस लागतात, म्हणून एक पाकीट आधीच घरात असावे आणि त्याची मुदत तपासत राहावी. ती नसेल तर त्याच्या रोजच्या गवताच्या गोळ्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवाव्यात, मिक्सरमधून काढाव्यात आणि गाळणीतून दाबून घ्याव्यात. इडलीच्या पिठाहून किंचित पातळ असे मिश्रण सिरिंजमधून सहज उतरते. दूध, दूध-भात, भाताची पेज, साखरपाणी किंवा लहान बाळांचे पुडीतले खाणे देऊ नये. आजारी जिवाला पेज द्यावी हे आपल्या मनात खोल रुजलेले असले तरी पिष्ट आणि साखर त्याच्या आतड्यात आंबून वायू वाढवतात.

सुई काढलेल्या १ मिलिलिटरच्या सिरिंजचे टोक कात्रीने थोडे कापावे आणि नखे घासायच्या कानसीने गुळगुळीत करावे. गिनी पिगला टॉवेलात सैलसर गुंडाळून, त्याची पाठ आपल्या पोटाला टेकेल असे मांडीवर बसवावे; उताणे कधीही धरू नये. सिरिंज समोरून न देता पुढच्या दातांच्या मागे जी मोकळी जागा असते तिथून बाजूने आत सरकवावी आणि पाव ते अर्धा मिलिलिटर सोडून थांबावे. जबडा हलू लागतो, तो चावतो, गिळतो. मगच पुढचा घोट द्यावा. एकदम दाबले तर ते फुप्फुसात जाते. एक किलोच्या प्राण्याला दिवसभरात ५० ते ८० मिलिलिटर लागते, म्हणजे दर तीन-चार तासांनी सुमारे १० मिलिलिटर, आणि यात रात्रीही खंड पडता कामा नये. पोट ताणलेले असेल किंवा तो गिळतच नसेल तर मात्र भरवू नये, आधी डॉक्टरांना फोन करावा.

त्या रात्री साडेदहाला भुऱ्याने सहा मिलिलिटर घेतले आणि नंतर दात घट्ट मिटले. दीड वाजता मुलीने त्याला धरले आणि मी पाव-पाव मिलिलिटर करत पाऊण तासात आठ पर्यंत पोहोचले. त्याची हनुवटी आणि माझी बाही हिरवीगार झाली होती. पावणेतीनला पांढऱ्या टॉवेलवर एक लेंडी दिसली, तांदळाच्या दाण्याएवढी, काळी आणि सुकलेली. आम्ही ती कागदावर ठेवून वेळ लिहिली, आणि तेवढ्या एका लेंडीवरून डॉक्टरांनी सकाळी सांगितले की आतडे हलू लागले आहे. पहाटे काळूला शेजारी सोडले तेव्हा तो गवत चावू लागला, आणि त्या कुरकुर आवाजाने भुऱ्याने पहिली काडी स्वतःहून उचलली. जोडीदार दांडगाई करत नसेल तर त्याला लांब ठेवू नये. एकमेकांचा वास विसरला की पुन्हा जमवताना भांडणे होतात.

औषधे, जखम आणि नजर

वेदनाशामक हे पोटाचेच औषध आहे असे समजावे, कारण दुखणारा प्राणी खात नाही. बहुतेक डॉक्टर मेलॉक्सिकॅमचे द्रावण देतात. यात एक धोका आहे, तो म्हणजे कुत्र्यांसाठीच्या द्रावणात एका मिलिलिटरमध्ये १.५ मिलिग्रॅम औषध असते आणि मांजरांसाठीच्या द्रावणात ०.५ मिलिग्रॅम. बाटली बदलली तर मात्रा तिप्पट किंवा एक तृतीयांश होते. म्हणून मात्रा मिलिलिटरमध्ये आणि बाटलीच्या नावासह लिहून घ्यावी. डोळे अर्धे मिटलेले, दात कराकरा खाणे, पाठ वाकलेली आणि कोपरा न सोडणे ही वेदनेची चिन्हे आहेत. तो बरा दिसला म्हणून औषध मधेच थांबवू नये. प्रतिजैविक आणि भरवणे यांच्या वेळा एका कागदावर मांडून घरातल्या प्रत्येकाने खूण करावी, नाहीतर एकच मात्रा दोघांकडून दिली जाते.

जखम दिवसातून दोनदा, उजेडात पाहावी. कडा किंचित लालसर आणि टणक असणे ठीक आहे. ओल, दुर्गंधी, वाढती सूज किंवा फट दिसली तर त्याच दिवशी दाखवावे. हळद, तूप, खोबरेल तेल किंवा माणसांचे मलम लावू नये. तो ते चाटतो आणि जखम ओली राहते. पावसाळ्यात माशा जखमेवर आणि ओल्या पार्श्वभागावर अंडी घालतात आणि एका दिवसात किडे पडतात, म्हणून पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाकावी आणि टॉवेल दिवसातून दोन-तीनदा बदलावेत. खड्याच्या शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस लघवी गुलाबीसर असू शकते; गुठळ्या पडल्या किंवा लघवी थांबली तर लगेच निघावे. जखम भरायला साधारण १० ते १४ दिवस लागतात.

जखम भरण्यासाठी लागणारे तंतू क जीवनसत्त्वाशिवाय तयार होत नाहीत. निरोगी प्राण्याला दर किलो वजनामागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम पुरते, आजारात ३० ते ५० लागते. ते पिण्याच्या पाण्यात घालू नये, कारण पाण्यात ते लवकर नष्ट होते आणि चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो. डॉक्टरांनी दिलेले थेंब सिरिंजने थेट द्यावेत, आणि खायला लागल्यावर ढोबळी मिरची आणि पेरूची लहानशी फोड द्यावी.

हाताने भरवणे एकदम बंद करू नये. तो स्वतः गवत खाऊ लागला की भरवण्याची एकेक वेळ कमी करावी, रोज वजन करावे, आणि सलग तीन दिवस वजन टिकले किंवा वाढले तरच सिरिंज ठेवून द्यावी. भुऱ्याच्या बाबतीत यासाठी नऊ दिवस लागले. याच काळात बाजारात दुर्वांच्या जुड्या मिळत असतील तर त्या स्वच्छ धुऊन, पाणी निथळून द्याव्यात. सुक्या गवताकडे पाठ फिरवणारा प्राणीही कोवळ्या दुर्वा खातो असा माझा अनुभव आहे.

खडा पुन्हा होऊ नये म्हणून

कॅल्शियमचे खडे परत होतात, हे डॉक्टर पहिल्याच दिवशी सांगतात. ते नक्की टाळता येतील असा एकही उपाय नाही, पण आहार सुधारता येतो. चाऱ्याच्या दुकानात सहज मिळते म्हणून अनेक जण लसूणघास देतात. तिच्यात कॅल्शियम फार असते, वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ती चालते, मोठ्यांना नको. पालक आणि शेवग्याचा पाला बंद करावा, कोथिंबीर थोडीच द्यावी. ज्वारीचा कोवळा हिरवा चारा गुरांनाही विषारी ठरतो, तो यांना मुळीच घालू नये. गवताच्या गोळ्या रोज एका चमच्याहून जास्त नकोत, सुके गवत मात्र अमर्याद असावे. भाज्या धुऊन ओल्याच द्याव्यात, म्हणजे पोटात पाणी जास्त जाते.

डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. आता दर चार महिन्यांनी काढतो. रविवारी सकाळी, फ्रीज उघडण्याआधी, दोघांचे वजन होते. मागच्या रविवारी भुऱ्या १०६५ आणि काळू ११२० ग्रॅम भरला, आणि पुढच्या एक्स-रेची तारीख त्याच पानाच्या कोपऱ्यात लिहिलेली आहे.